रंभाचा निळा पंप

शकू : आणि मी म्हणते आबा, पोरीचा दम्याचा निळा पंप असा संपतोच कसा? मागच्याच आठवड्यात पेणवरून नवा आणला होता.

महिपती : आसंल गळका.

शकू : दुपारी रंभा धापा टाकत होती, छाती आत ओढत होती. पंप दाबला तर आत काय नाय! मोरूभावजींनी गाडीवर घेतली म्हणून दवाखाना गाठला. डॉक्टर मला विचारतात, आई असून लक्ष नाही?

महिपती : हल्ली मालच असा येतो गो.

रंभा : आजोबांनी संपवला.

शकू : तू पड गो. बोलू नकोस, दम लागेल.

रंभा : नाय लागणार, आता वाफ दिलीय. आजोबा गणपतीच्या कारखान्यात जाताना माझा पंप कमरेला खोचतात. दुपारी जेवायला आले की परत ठेवतात.

महिपती : पोरीला ताप हाय का बघ.

शकू : आबा.



महिपती : मलापण दम लागतो. गणपती घासायला घेतले की प्लास्टरचं पीठ उडतं, वर रंगाचा फवारा. छाती शिट्ट्या मारते.

शकू : मग सांगायचं ना!

महिपती : कोणाला? सखाशेठला? डोळ्यांची आखणी करणारा खोकतो म्हटल्यावर तो उद्या ब्रश दुसऱ्याच्या हातात देईल. अख्ख्या हमरापुरात डोळे म्हटले की माझं नाव घेतात.

शकू : म्हणून पोरीचा पंप?

महिपती : तासातासाला दोनदा दाबला की खोकला थांबतो. फक्त हात थरथरतो.

शकू : आणि डोळे?

महिपती : यंदा काही गणपती जरा बाजूला बघतात. शेठ म्हणाला, ही नवीन फॅशन काय?

रंभा : आजोबा चुकीचं घेतात. तोंडात दाबतात नि लगेच सोडून देतात. पंपाला ते लांब नळकांडं लावतच नाय.

महिपती : ते पोरांचं आसतं.

रंभा : डॉक्टर म्हणाले, मोठ्यांनीपण लावायचं. हळू ओढायचं, मग श्वास धरायचा.

शकू : आज मोरूभावजी घरी नसते तर, आबा?

महिपती : तेच डोक्यात हाय. मागनं रिक्षानं आलो होतो मी दवाखान्यात. दारातनं दिसली, मास्क लावलेली. पाय आत टाकवंना.

शकू : मला वाटलं, तंबाखू खायला गेलात.

महिपती : तंबाखूच खात होतो. चव लागत नव्हती.

शकू : उद्या तुम्ही पेणला यायचं. तुमचं औषध तुम्हाला वेगळं. रंभाच्या पंपाला हात लावायचा नाय.

महिपती : नाय लावणार. पण शेठला कळलं तर?

शकू : कळू दे. ब्रश गेला तर घरी बसा. मी शिफ्टला गेले की पोरीला रोजचा तपकिरी पंप वेळेवर द्यायला माणूस पायजेच.

महिपती : पगार?

शकू : दोन वेळचं जेवण.

महिपती : ते आत्ताही मिळतंय.

शकू : मग काम सुरू करा.

रंभा : आजोबा, छाती तपासायला डॉक्टर नळीत फुंकायला लावतील. जोरात फुंकायचं. मी येईन तुमच्याबरोबर.

महिपती : मी काय घाबरतोय काय?

रंभा : मग धरून ठेवलेला श्वास सोडा की.