सायकल मिस्त्री बेपत्ता असल्याबाबत रफूवाल्या आजीचा जबाब

मी, मागच्या गल्लीतली रफूवाली आजी, वय सत्तरीच्या पुढे, नक्की आकडा आईला माहीत होता, धंदा जुने कपडे दुरुस्त करणे, राहणार रंगाऱ्याच्या घरावरची खोली, शिक्षण नाही, आज रोजी सकाळी पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून समक्ष सांगते ते असं की,

वरील पत्त्यावर मी आणि माझी नात अशा दोघीच राहतो. नात पावाच्या कारखान्यात पहाटपाळीला जाते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सदर दुकान चालवणारा इसम, सदर आणि इसम हे दोन्ही शब्द हवालदारांचे आहेत, मी त्याला मिस्त्री म्हणते, वय साठीच्या आतबाहेर, बायको वारलेली, मूलबाळ नाही, राहतो दुकानातच. भाऊ परगावी आहे, त्याच्याशी बोलणं नाही.

मला विचारण्यात आलं की, तुम्ही त्याच्या कोण? मी सांगितलं, गिऱ्हाईक. हवालदार म्हणाले, "आजी, नात्यातलं कोणी आलं असतं तर बरं झालं असतं." मी म्हणाले, असतं तर मी कशाला आले असते? ती नात्याची जागा मोकळी ठेव बाळा, पुढचं लिही.

माझ्या खोलीत उजेड नाही. मिस्त्रीच्या दुकानाच्या पायरीवर सकाळपासून चांगला उजेड येतो. त्यामुळे गेली बरीच वर्षं मी रफूचं काम त्या पायरीवर बसून करते. तो आत वाकड्या चाकाचा आउट काढतो, मी बाहेर टाके घालते. तो मला मावशी म्हणतो. आमच्यात भांडण नाही. मी त्याला टोमणे मारते, पण ते भांडणात धरू नये.

नातीला कामावर जायला सायकल हवी होती, कारण त्या वेळी बस नसते. मिस्त्री म्हणाला, "मावशी, बाहेरची घेऊ नका, मी बांधून देतो. आजोबांच्या सायकलचा सांगाडा अजून ठणठणीत आहे." माझे यजमान गेल्यापासून ती सायकल त्याच्याकडेच टांगलेली होती. मी हो म्हणाले. मग त्याचं आज-उद्या सुरू झालं. कधी मनासारखी चेन मिळेना, कधी रंग वाळेना. नात चालत जाऊन रोज उशिरा पोचू लागली. मुकादमाने तिला सांगितलं की, पुन्हा उशीर झाला तर येऊ नकोस.

मी चार दुकानं हिंडल्याशिवाय सुईसुद्धा घेत नाही, हे बाजारात कोणीही सांगेल. फक्त मिस्त्रीकडे मी कधी दुसरा भाव विचारून गेले नव्हते. गेल्या महिन्यात मी नातीला घेऊन मोठ्या रस्त्यावरच्या सायकलींच्या काचेच्या दुकानात गेले. नुसतं बघायला गेले होते. तिथे सायकली साबणाच्या वड्यांसारख्या ओळीने मांडलेल्या असतात आणि हात लावला की एक मुलगी हसत येते.

त्या दुकानात मिस्त्री बसलेला मी पाहिला. गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर, केस पाण्याने चापून बसवलेले, अंगात फिकट निळा शर्ट. त्या शर्टाची झिजलेली कॉलर आदल्या दिवशी मीच उलटवून दिली होती. पाहुण्यांकडे जायचंय म्हणून त्याने घाई केली होती. समोरचा टाय लावलेला पोरगा त्याला म्हणत होता, "काका, तुमचं काम चांगलंच असेल हो, पण आम्हाला तरुण माणसं लागतात. दिवसभर उभं राहायचं असतं." मिस्त्री म्हणाला, "उभा राहीन की."

मी लहान मुलांच्या सायकलींमागे सरकले. माझ्या अंगयष्टीची बाई लहान मुलांच्या सायकलींमागे लपत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. तो उठला, वळला आणि त्याने मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. मग त्याने खाली वाकून चपलेचा पट्टा नीट केला आणि तो बाहेर गेला. पट्टा नीटच होता.

मला विचारण्यात आलं की, तिथली नवी सायकल त्याला पाहण्याआधी घेतली की नंतर? नंतर घेतली. पावती तोपर्यंत फाडलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे पायरीवर बसले. मी विचारलं, "काय रे, गेला होतास का पाहुण्यांकडे?" तो म्हणाला, "गेलो होतो मावशी. चांगली माणसं आहेत. बसा बसा म्हणत होती." त्याने विचारलं, "तुम्ही कुठे होता?" मी सांगितलं, नातीला घेऊन दवाखान्यात. तो म्हणाला, "बरी आहे ना आता?" मी म्हणाले, बरी आहे.

त्यानंतर नात नवी सायकल मागच्या बोळातून काढायची आणि बोळातूनच आणायची. बोळात सांडपाणी आहे. ती चिडायची, "आजी, आपण चोरून आणलीय का गं ही?" मी तिला गप्प केलं. सायकल आम्ही जिन्याखाली चादर टाकून ठेवायचो.

मागच्या रविवारी त्या सायकलचं पुढचं चाक पंक्चर झालं. काचेचं दुकान लांब, आणि रविवारी बंद. सोमवारी पहाटे नातीला जायचंच होतं. मी चाक काढायला लावलं, चादरीत गुंडाळलं आणि मिस्त्रीकडे नेलं. सांगितलं, शेजारणीच्या भाच्याचं आहे, पोरगा लाजतो, म्हणून मी आणलं. मिस्त्रीने चाक फिरवून पाहिलं. नवंकोरं टायर, त्यावर त्या दुकानाचं लेबल तसंच होतं. त्याने पंक्चर काढलं, वर दोन सैल आऱ्या आवळल्या. पैसे घेतले नाहीत. चाक परत चादरीत बांधून देताना म्हणाला, "शेजारणीला सांगा मावशी, हवा जरा बेतानेच भरलीय. पोरगी अंगाने हलकी आहे."

मी भाचा म्हणाले होते.

तेव्हा गप्प बसून मला घरी जाता आलं असतं. पण माझी जीभ मला गप्प बसू देत नाही. काहीच घडलेलं नाही असं दाखवायला मी जाता जाता बोलले, "आणि आमची सायकल कधी देणार रे? नातीचे केस पिकल्यावर?" तो हसला. म्हणाला, "उद्या देतो." त्याच्याशी माझं हेच शेवटचं बोलणं.

सोमवारी नात कामावर गेल्यावर सकाळी मी खाली उतरले तेव्हा जिन्याच्या पायथ्याशी सायकल उभी होती. यजमानांच्याच सायकलचा सांगाडा, हिरवा रंग दिलेला, नवी चेन, नवी सीट, घंटी जुनीच. नातीच्या उंचीला बरोबर. हँडलला सुतळीने दुकानाची किल्ली बांधलेली होती. चिठ्ठी नव्हती. मला वाचता येत नाही हे त्याला माहीत आहे. दुकान बंद होतं.

मला वाटलं, रुसला. येईल दोन दिवसांत, मग मी त्याची चांगली खरडपट्टी काढीन. मी ती सायकलही जिन्याखाली ढकलली आणि वर तीच चादर टाकली. किल्ली बटणांच्या डब्यात टाकली. किल्लीचं नातीलासुद्धा सांगितलं नाही.

मंगळवारी दुकानासमोर लोक जमले. ज्यांच्या सायकली आत होत्या ते कुलूप बडवू लागले. कोणी म्हणालं, विकून खाल्ल्या असतील. कोणी म्हणालं, धंदा बसला की माणसं अशीच पळतात. दूधवाला म्हणाला, "आजी, तुम्ही तर रोज इथे असता, तुम्हाला काय ठाऊक?" मी म्हणाले, मला रफू ठाऊक. मी त्याच पायरीवर बसले होते आणि बटणांचा डबा माझ्या मांडीवर होता. त्या दिवशी ते लोक इथे ठाण्यात आले आणि त्यांनी मिस्त्रीविरुद्ध तक्रार लिहून दिली. त्याबद्दल मला नंतर समजलं.

मला विचारण्यात आलं की, किल्ली तेव्हाच का दिली नाही? दिली असती तर किल्ली माझ्याकडे कशी आली हे सांगावं लागलं असतं. मग सायकल, मग ती दुसरी सायकल, मग काचेचं दुकान. तो तिथे खुर्चीवर बसला होता हे गल्लीला कळलं असतं. मी तिथे होते हेही कळलं असतं. यातलं कोणतं कळू नये म्हणून मी गप्प बसले हे मला सांगता येत नाही. दोन दिवस गेले ते माझ्यामुळे गेले, असं लिहावं.

आज सकाळी मी एकटीने दुकान उघडलं. आत सगळ्यांच्या सगळ्या सायकली आहेत. सगळ्या दुरुस्त केलेल्या, पुसलेल्या, तोंडं दाराकडे करून उभ्या. एकही विकलेली नाही. हत्यारं भिंतीवर जागच्या जागी आहेत. बाकावर त्याचा चष्मा होता. त्याची काडी मी दोऱ्याने बांधून दिलेली आहे. चष्म्याशिवाय त्याला समोरून आलेली बस दिसत नाही. चष्म्याशेजारी रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट होतं. त्याची स्वतःची काळी सायकल भिंतीला टेकून होती. हा माणूस कोपऱ्यावर चहाला जायचा तरी सायकलवर जायचा. तो निळा शर्ट खुंटीवर नव्हता.

तिथून मी इथपर्यंत पळत आले. माझ्या वयाची बाई पळताना दिसली की लोक आपण होऊन वाट देतात, एवढा एक फायदा आहे.

ओळखीच्या खुणा विचारल्या त्या अशा. उंची बेताची, डाव्या अंगठ्याला नख नाही, बोटांच्या रेघांत काळं वंगण, ते साबणाने निघत नाही. शर्टाची कॉलर उलटवलेली आहे. आतल्या बाजूला टीप गडद निळ्या दोऱ्याची, कारण फिकट दोरा संपला होता. बाकी काहीही ओळखण्यासारखं उरलं नसलं तरी ती टीप मी ओळखीन. त्यासाठी मला कधीही, कुठेही बोलवावं.

हवालदार म्हणाले की, तक्रार आहे म्हटल्यावर त्याचा शोध सुरूच आहे, स्टँडवर माणूस ठेवलाय, भावाच्या गावी कळवलंय. मी म्हणाले, अरे बाळा, तो पळालेल्या माणसाचा शोध झाला. पळणारा माणूस चष्मा घेऊन पळतो. हा दवाखान्यांत शोधायचा आहे. बेवारस म्हणून कुठे खाटेवर पडला असेल तर गोळ्यांवाचून पडला असेल. हवालदारांनी विचारलं, "आणि नदीकडे?" मी सांगितलं, आधी दवाखाने. नदी शेवटी. नदीला घाई नाही.

माझा कोणावर संशय नाही. काचेच्या दुकानातल्या पोराने काही वावगं केलेलं नाही, खुर्ची दिली होती. तक्रार देणाऱ्यांनी आपापल्या सायकली घेऊन जाव्यात, किल्ली मी जमा केली आहे. हिरवी सायकल मी देणार नाही. ती त्याला परत दाखवायची आहे, घंटी वाजत नाही.

हा जबाब मला दोन वेळा वाचून दाखवला. पहिल्या वेळी त्यात 'फरार' असा शब्द कानावर आला. मी तो काढायला लावला आणि 'बेपत्ता' घालायला लावला. दुसऱ्या वेळी बाकी सगळं मी बोलले तसंच होतं, तक्रार नाही. मला सही येत नाही. त्याला शोधायला जीप सुटल्याशिवाय अंगठा देणार नाही असं मी सांगितलं होतं, त्यामुळे या शेवटच्या ओळी थांबून लिहिलेल्या आहेत. जीप आत्ता फाटकातून बाहेर पडून दवाखान्याच्या बाजूला वळलेली मी खिडकीतून पाहिली, म्हणून अंगठा देत आहे. नात्याची जागा मोकळी आहे. तो आला की त्यालाच विचारून ती भरावी.