रव्यासारखा कण

आमच्या बोईसरच्या कारखान्यात मोजमापाची काय किंमत आहे ते ऐका. नवी पावडर पाण्यातून गाळायची होती. मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं, "लॅबमध्ये कण मोजायचं यंत्र धूळ खातंय. आधी मोजू, मग गाळायचं कापड मागवू."

साहेबांनी त्या पावडरीचा ओला गोळा चिमटीत चोळला. "रव्यासारखा आहे. मागवा."

कापड लावलं, तर निम्मा माल पाण्याबरोबर दुधासारखा वाहून गेला. मग घट्ट विणीचं आणलं. ते असं तुंबलं की थेंब गळेना. सगळा माल वाया.

आमचा कोळी ऑपरेटर किसनदादा कळवळून म्हणाला, "सायेब, आमी जालं घेताना आदी मासा बगतो."

साहेबांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं एकदाचं.

त्यांनी पुन्हा चिमूट उचलली, चोळली आणि म्हणाले, "मैद्यासारखा आहे. मागवा तिसरं."