नानासाहेबांचा डावा गाल

नाही, पण मी म्हणतो, वस्तराच कशाला? दोन हजार सहा साल चाललंय, टीव्हीवर तीन-तीन पात्यांची रेझरं गालावरून झुळझुळ फिरतायत, आणि आमचे नानासाहेब खिल्लारे, राहणार मीरा रोड, सिल्व्हर पार्क, तिसरा मजला, विजेच्या ऑफिसात हेडक्लार्क, रिटायर व्हायला चार वर्षं... यांना वस्तरा पाहिजे! उघडा वस्तरा! स्वतःची दाढी स्वतःच करायला! बरं, मुहूर्त कुठला शोधला? पोरीचं, पायलचं, लग्न जमत आलेलं, पंधरा दिवसांनी रविवारी नालासोपाऱ्याहून मुलाकडचे पहिल्यांदा घरी यायचे... बरोबर तेव्हा! भीमाबाई, म्हणजे त्यांची मिसेस, मूळच्या परभणीकडच्या, पंचवीस वर्षं इकडे काढली तरी बोली तीच, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अवो, काय करायलाव हे? पाहुणे यायलेत अन् तुम्ही हजामतीचं दुकान टाकायलाव?" आणि नानासाहेब? नानासाहेब आपले गालावरून हात फिरवत कुठेतरी लांब पोचलेले...

पायल पडली शिकलेली. ती सायबर कॅफेत गेली आणि चांगली अकरा पानं छापून घेऊन आली. तुम्हाला सांगतो, परदेशात म्हणे ह्या वस्तऱ्याचे शौकीन आहेत, रात्रंदिवस एकमेकांना हेच लिहितात! नवशिक्यानं टोकाला गोल असलेलं पातं घ्यावं, टोकदार घेतलंत तर कान गेला समजा. धार लावायचा चामडी पट्टा महागडा घेऊ नये, कारण पहिला पट्टा कापला जातोच. जातोच! म्हणजे चामडं कापलं जाणार हे नक्की, आणि त्यानंतर तेच पातं गळ्यावर! पायल वाचून दाखवतेय, भीमाबाई कपाळाला हात लावून बसल्यात, आणि नानासाहेब गालावरून हात फिरवतायत...

मग गेले नया नगरला, इद्रीसभाईच्या सलूनमध्ये. गेली बारा वर्षं दाढी तिथेच. इद्रीसभाईनं ऐकलं, आणि हातातला ब्रश तसाच हवेत. "खिल्लारे साब, हमसे कोई गलती हुई क्या?" नानासाहेब म्हणाले, "नहीं भाई, सीखना है." "तो फिर ये लो, ब्लेड बदलनेवाला. धार का झंझट ही नहीं." नानासाहेबांनी मान हलवली. नको. अख्ख्या पोलादाचा पाहिजे, पट्ट्यावर घासायचा, सट् सट् आवाज यायला पाहिजे. इद्रीसभाईनं खालचा खण उघडून फडक्यात गुंडाळलेला एक जुना वस्तरा काढला, टोक गोलच होतं, सोबत एक ब्रश दिला, तुरटीचा खडा दिला, चामड्याचा एक फाटका पट्टा दिला, आणि म्हणाला, "पहिले गुब्बारे पे. गुब्बारा बचा, तो समझो गाल बचा."

आता हा माणूस असा तरंगत का होता, ते सांगतो. जिंतूरजवळ त्यांचं गाव. गावचा न्हावी ह्यांच्या वस्तीतल्या माणसाच्या गालाला हात लावायचा नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको. मग वस्तीची दाढी कोण करणार? नानासाहेबांचे वडील! दर रविवारी घरामागच्या कडुलिंबाखाली पोतं अंथरायचं, एक वस्तरा, एक वाटी, आणि रांगेनं सगळे बाप्ये. शेवटी छोटा नाना जाऊन बसायचा. वय वर्षं सात! वडील त्यालाही फेस लावायचे, वस्तरा उलटा करायचे आणि त्याची बोथट पाठ गालावरून हलकेच फिरवायचे. गार. एकदम गार. वडील लवकर गेले, वस्तरा कुणी नेला कुणास ठाऊक... पण तो गारवा पन्नास वर्षं त्या गालावर बसून होता. हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? गाल गार लागतो म्हणून?

तर फुगे! फुग्याला फेस फासायचा आणि वस्तऱ्यानं तो काढायचा. पहिल्या दिवशी चार फुटले. भीमाबाई स्वयंपाकघरातून, "मेले का जित्ते हाव?" पट्टा तिसऱ्या दिवशी कापला गेला, छापल्याप्रमाणे! सातव्या दिवशी फुगा वाचला. दहाव्या दिवशी उजवा गाल झाला, तुळतुळीत. आता डावा... आणि इथे गाडी अडली! उजवा हात डाव्या गालाकडे आणला की कोपर नाकासमोर येतं, आरशात काही दिसत नाही, डावा हात वापरावा तर तो थरथरतो. मग काय, रोज उजवा गाल घरी, आणि डाव्यासाठी नया नगर! अर्ध्या तोंडाला फेस, रिक्षात बसलेले, रिक्षावाला आरशातून बघतोय, आणि नानासाहेब उजव्या गालावरून हात फिरवत कुठेतरी लांब...

उजाडला तो रविवार. पाहुणे अकराला यायचे, नऊला नानासाहेब आरशासमोर. भीमाबाईंनी बजावलं, "आज रक्त दिसलं तर मी सुशीला कराची नाही, सांगून ठिवते." सुशीला म्हणजे त्यांच्याकडचा मुरमुऱ्यांचा नाश्ता, पाहुण्यांसाठी खास. उजवा गाल झाला. आज डावाही घरीच करायचा हट्ट, डाव्याला फेस लावला, वस्तरा टेकवला... आणि बेल वाजली! पायलला वाटलं दूधवाला, तिनं दार उघडलं, तर दारात नवरा मुलगा रवी, आणि त्याचे वडील हरिश्चंद्र तांबे, मूळचे महाडकडचे, गिरणीतून रिटायर. तांबे म्हणाले, "लवकरची गाडी मिळाली, आलो!" आणि समोर कोण? होणारे व्याही! बनियनवर, अर्धं तोंड पांढरं, हातात उघडा वस्तरा!

भीमाबाईंच्या हातातला झारा खाली पडला. झालं, जमलेलं मोडलं! पायल भिंतीला टेकली.

तांबे मात्र चपला काढून सरळ पुढे आले. वस्तऱ्याकडे बघितलं, गालाकडे बघितलं. हळूच म्हणाले, "तुमच्याकडे कोण करायचं?"

नानासाहेब म्हणाले, "वडील."

"आमच्याकडे चुलते. नदीवर. न्हावी आमच्या वाडीत यायचा नाही ना..." तांबेंनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. "पुढे मीच करायचो सगळ्यांची, मुंबईला येईपर्यंत. बसा."

नानासाहेब खुर्चीत बसले. तांबेंनी दोन बोटांनी हनुवटी उचलली, कातडी ताणली, आणि गार पोलाद डाव्या गालावरून सर्रकन खाली आलं. नानासाहेबांचे डोळे मिटलेले. मिटलेल्या डोळ्यांतून एक थेंब फेसात उतरला, आणि तांबेंनी तोही फेसाबरोबर पुसून घेतला. रवी बापाकडे असा बघत होता, जणू आजच ओळख झालीय.

लग्न ठरलं हो, तिथेच ठरलं! पण तुम्हाला सांगतो, तेव्हापासून दर रविवारी आठच्या ठोक्याला तांबे हजर, स्वतःचा टॉवेल घेऊन. गॅलरीत दोन खुर्च्या, हे त्यांची करणार, ते ह्यांची करणार, फेस वाळला की पुन्हा फेस, चहावर चहा. पायल दारातून विचारते, "बाबा, तारखेचं बोललात का?" दोघेही दचकतात. "अरे हो की... पुढच्या रविवारी नक्की!" चार महिने झाले! आणि भीमाबाई कढईत मुरमुरे परतत म्हणतात, "पोरीचं लगीन होईल तव्हा होईल... ह्या दोघायचा संसार तर लागला की मार्गी!"