गव्हात पडलेल्या गोलांबाबत

जबाब देणार: शेतमालकाचा सख्खा भाचा. सगळे भडक्या म्हणतात, तेच लिहिले आहे. वय एकवीस. धंदा: मामाच्या शेतावर काम. शिक्षण: कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडले. राहणार: मामाच्या घरी, शेताला लागून.

मी कोणी न बोलावता चौकीत येऊन लिहून देतो की, माझे सगळे बदलले ते पेरणीनंतर चाळिसाव्या दिवशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. त्या वेळी मी गव्हात उभा होतो. डाव्या काखेत युरियाचे घमेले, उजव्या हाताने फोकणे चालू, कानात फोनची वायर. कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढे असलेल्या मुलीचा फोन आला. ती म्हणाली, "माझं ठरलं."

हवालदारांनी याचे 'विवाह निश्चित झाल्याचे कळविले' असे केले होते. मी म्हटले, ती असे म्हणाली नाही. त्यावर ते म्हणाले, "जबाब देतोयस की शिकवणी घेतोयस? घे पेन, तूच लिही. तेवढंच कॉलेजचं सार्थक." म्हणून हा जबाब पहिल्यापासून माझ्या हाताने लिहिला आहे.

फोन त्रेचाळीस मिनिटे चालला. त्यातली वीसेक मिनिटे कोणीच बोलले नाही. मध्येच तिने विचारले, "धापा का टाकतोयस रे?" मी म्हटले, "काम चालू आहे." ती म्हणाली, "मग कर ना. मी आहे." ती होती म्हणून मी चालत राहिलो. खत सरळ पट्ट्यांनी फोकतात. मी गोल फिरत होतो, हे मला तेव्हा कळले नाही. दोनदा बांधावर जाऊन घमेले भरून आणले, ते फक्त आठवते. शेवटी ती "ठेवते" म्हणाली, तेव्हा होतो तिथेच घमेले पालथे केले. रागाने नाही. राग मला येतो, सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी आला नाही.

युरिया जास्त झाला की गहू हिरवागार होतो, उंच वाढतो, पण काडीत जोर राहत नाही. लोंबी भरली की वाऱ्याने आडवा पडतो. एका जागी ढीग पडला तर तिथला जळून जातो. मागच्या मंगळवारी दुपारी वारा सुटला. बुधवारी विजेच्या खांबावर चढलेल्या वायरमनला वरून दिसले: एक मोठे कडे, त्याच्या आत लहान कडे, मधोमध जळका ठिपका. तो वरूनच ओरडला, "अहो, कोणीतरी उतरून गेलंय इथं!"

त्यानंतर माणसांची रीघ लागली. रिटायर मास्तरांनी तो आकाशाचा नकाशा ठरवला. एक जण तांब्याच्या दोन तारा हातात धरून आला आणि खाली पाणी आहे म्हणाला. शिवणकामवाल्या बाईंच्या मुलाचा तीन वर्षे पत्ता नाही. बाई कड्यात बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तो बरा आहे, एवढंच सांगतंय बघ हे."

मामाचे म्हणणे वेगळे. "दुसऱ्या ग्रहावरच्यांना बरा माझाच गहू सापडला! हे बांधापलीकडचंच काम." शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यांशी त्याचा बांधावरून वाद आहे. त्याने तक्रार दिली आणि आज सकाळी पोलिसांनी ट्रॅक्टरवाल्यांना इथे आणून बसवले. त्यांनी काहीही केलेले नाही. ते कळल्यावर मी घरी खरे सांगितले, तेव्हा मामा म्हणाला, "तुला युरिया फोकायला पाठवला होता की शतपावली घालायला?" मामी एवढेच म्हणाली, "त्या दिवशी ताटावरून उठला, तेव्हाच मला कळलं होतं."

चौकीतल्या फौजदार साहेबांनी विचारले, चालत्या माणसाच्या हातून इतके नीट गोल पडतात कसे? ते नीट नाहीत. जवळून वाकडेतिकडे आहेत. लांबून नीट दिसतात. मी पाण्याच्या टाकीवर चढून पाहिले आहे. बाहेरचे कडे म्हणजे मी "कोण आहे तो?" विचारत होतो तेव्हाचे. आतले, कोणी बोलत नव्हते तेव्हाचे. फोटो पेपरात आला, तो पेपर तिच्या शहरात जातो. एवढ्या लोकांत तिला एकटीला ते वाचता येईल. तिचा फोन आलेला नाही. माझा नंबर तिच्याकडे लागत नाही.

साहेब म्हणाले, "त्या वेळी हा माझ्याशी बोलत होता, एवढं तिनं सांगितलं तर चूक म्हणून मिटवतो. नाही तर मुद्दाम केलेलं नुकसान लिहावं लागेल. नंबर पाठ आहे ना?" मी म्हटले, आहे. त्यांनी टेबलावरचा फोन माझ्यापुढे सरकवला. "आम्ही ट्रॅक्टरवाल्यांना सोडून येतो. तोवर लाव." साहेब आणि हवालदार दोघेही बाहेर गेले आहेत.

खोलीत आता मी आणि फोन. हा नंबर तिच्या ओळखीचा नाही, म्हणजे ती उचलेल. "हॅलो" म्हणेल. मला तेवढेच पाहिजे आहे, साहेब, खटला गेला उडत. पण तिच्याकडे पोलीस चौकीतून फोन आला, तर आजूबाजूची माणसे त्यातून काय काय अर्थ काढतील, ते मी आठ दिवस पाहतो आहे. मी फोन लावलेला नाही. मुद्दाम केले असेच लिहा.

वाचून दाखवायला कोणी नाही, म्हणून पूर्ण जबाब मीच मोठ्याने वाचला. फोन तेवढा वेळ जागेवरच ठेवलेला होता. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही करून कागद टेबलावर ठेवत आहे. बाहेर जाऊन दार लावून घेत आहे.