चिंगीच्या पोटातला दोरा

बसवनगुडीतल्या प्राण्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं. त्यांची मांजर चिंगी आत तपासणीला होती.

"तीन दिवस उलट्या करतेय, अन्नाला तोंड लावत नाही. तुम्हीच काहीतरी चारलं असणार," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

"मी? एक्स-रे साफ आला की!"

"मग सोनोग्राफी कशाला?"

"एक्स-रेत सगळं दिसत नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. स्वल्प दम धर."

तेवढ्यात डॉक्टरबाई बाहेर आल्या.

"अक्का, आतड्यात दोरा अडकलाय. उलटीत मोगऱ्याच्या पाकळ्याही आहेत. घरी गजरा असतो का?"

"मी रोज आणतो, डॉक्टर. हिनं शनिवारपासून अबोला धरला होता. आज चिंगीमुळे तोंड उघडलंय."

"मग मी तो माळू कशी? खिडकीत ठेवत होते."

"आजच ऑपरेशन करू. वेळेवर आणलंत, वाचेल ती."

डॉक्टर आत गेल्या.

"रडू नकोस गं. उद्यापासून गजरा बंद."

"बंद कशाला? आणा की. फक्त खिडकीत राहायला नको."

"मग कुठं ठेवायचा?"

"आणाल तसा तुमच्या हातानं माझ्या केसांत माळा. चिंगीच्या जिवासाठी हं, दुसरं काही नाही."

"सरी, तसंच करू."