डावा कौल

हं, टाळ जरा ठेवा खाली. पेटीवाले, तुम्हीही श्वास घ्या. मघापासून मी तुम्हाला ज्ञान पाजलं, तुम्ही माना डोलावल्या, दोघे-तिघे तर डोलता डोलता झोपले! झोपा, हरकत नाही. पण आता आख्यान आहे. त्याआधी एक प्रश्न विचारतो, आणि उत्तर मनातल्या मनात द्या, शेजारणीकडे बघू नका.

तुम्ही स्वतः शेवटचं काय ठरवलंत?

नाही नाही, भाजी कुठली करायची ते नव्हे! तीही तुम्ही ठरवत नाही, बाजारात काय स्वस्त आहे ते ठरवतं. मी विचारतोय आयुष्याचं. शिकलात ते वडील म्हणाले म्हणून. लग्न केलंत ते पत्रिका जुळली म्हणून. घर बांधलंत ते मेहुण्यानं बांधलं म्हणून! मग या सगळ्यात तुम्ही कुठे आहात? माणसानं आपलं आयुष्य स्वतः जगायचं, की कोणीतरी सांगेल तसं? सोपा प्रश्न वाटतो ना? मलाही वाटला होता. या कथेनं माझा गोंधळ केला, आता तुमचा करतो. एकट्यानं का सोसू!

तर मंडळी, ऐका. तळकोकणातलं एक गाव. नाव सांगत नाही, त्या गावच्या दोन लेकी इथे दिलेल्या आहेत, कथा संपल्यावर भांडण नको. त्या गावात गुणाजी राऊळ नावाचा माणूस. पोफळीची बाग, थोडं भात, एक विहीर, बायको भामा. मूलबाळ नाही. माणूस सरळ. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. एकच खोड. कौल!

घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो. तिकडे ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे बघत बसतात. उजवी पाकळी पडली, देव हो म्हणाला. डावी पडली, नाही म्हणाला. पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. अहो विश्वस्त, कपाळाला आठ्या घालू नका! मी कौलाची थट्टा करत नाही. मी गुणाजीची करतोय.

लोक मोठ्या कामाला कौल लावतात. गुणाजी कशालाही लावायचा. विहीर इथे खणू? कौल. गाय विकू? कौल. एकदा दाढ दुखायला लागली, काढू की नको? कौल लावला, डावा पडला. गाल सुजून हा एवढा झाला, तोंड उघडेना, बायको पेज पाजतेय आणि हा फुगलेल्या तोंडानं म्हणतोय, “देवान सांगल्यान.” देवानं सांगितलं! झालं, विषय संपला.

आणि त्यात केवढी सोय आहे बघा. विहिरीला पाणी लागलं, देवाची कृपा. गाय विकल्यावर चांगली निघाली, देवाची मर्जी. काही चुकलं तर गुणाजीचं काही चुकलेलं नाही! आयुष्यभर या माणसाच्या हातून एक चूक झाली नाही, मंडळी. कारण त्याच्या हातून काहीच झालं नाही.

आता एके दिवशी सकाळी भामाचा भाऊ दशरथ दारात आला. बरोबर एक लहान मुलगी, हातात कापडी पिशवी. मुलीचं नाव कुंदा. भामाची धाकटी बहीण मागच्या वर्षी गेली, तिची ही एकुलती एक. बापानं गोव्यात दुसरं लग्न केलं, नवी बायको म्हणाली ही पोर नको, बापानं पोर मामाकडे आणून सोडली. मामाची बायको म्हणाली आपलीच चार आहेत. मग मामानं बेळगावकडच्या एका आश्रमात बोलणं केलं. जाता जाता मावशीचं घर वाटेत, म्हणून विचारायला आला. दुपारच्या एसटीनं पुढे जायचं होतं. ठेवता का हिला? ठेवत असाल तर ठेवतो, नाहीतर नेतो.

कुंदा अंगणात उभी. बस म्हटलं तर बसली. पेज दिली तर खाल्ली. रडत नव्हती, हसत नव्हती. या दारातून त्या दारात गेलेली पोर, तिला कळून चुकलं होतं की आपल्याला कोणी विचारत नसतं. भामा तिच्यासमोर बसून राहिली. एक शब्द बोलली नाही. पोर हवी होती तिला, जीव तुटत होता तिचा! पण त्या घरात बोलून काय उपयोग? बोलायचं ते देव बोलायचा.

गुणाजीनं काय केलं असेल? बरोबर. खांद्यावर पंचा टाकला आणि म्हणाला, “कौल लावन येतंय.”

आणि तेव्हा भामा बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उंबऱ्यात उभी राहून, आवाज न चढवता तिनं विचारलं, “माका हाडलात तेवाय कौल लावन हाडलात. तुमका मी होई होतंय काय?”

मला आणलंत तेव्हाही कौल लावून आणलंत. तुम्हाला मी हवी होते का?

मंडळी, तो गडबडला! हो म्हणावं, तर खरंच हवी होती का? आठवेना. नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. त्यानं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं! उजवी पाकळी पडली, लग्न झालं, संसार झाला, केस पांढरे झाले. आता मधेच कोणी विचारतंय, तुला हवं होतं का? खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि चालू लागला. हसू नका! पुढच्या रांगेतल्या काकांना आत्ता घरी जाऊन कोणी हाच प्रश्न विचारला तर काका काय करतील? पंचाच शोधतील!

देवळाकडे जाताना डोक्यात नुसता गोंधळ. भामाचा प्रश्न एकीकडे, पोर एकीकडे. आणि त्या गोंधळात कसलासा तिसराच विचार मधे घुसलेला. काय, तर आपल्या विहिरीला कठडा नाही. तीन हात उंच चिऱ्याचा बांधला पाहिजे. चिरे कुठून आणावे? परसातले पडके पुरतील का? चालता चालता थबकला. मी कठड्याचा विचार का करतोय? इतकी वर्षं विहीर आहे, मी पडलो नाही, भामा पडली नाही, कठडा कशाला? काही उलगडेना. मान झटकली आणि पायऱ्या चढला.

देऊळ रवळनाथाचं. गुरव भगो. ही कथा मला त्यानंच सांगितली. गुणाजी दिसला की भगो कपाळाला हात लावायचा, आज काय विचारतोय देव जाणे! पण पोरीचं ऐकलं तसा सरळ गाभाऱ्यात गेला. पाकळ्या भिजवल्या, लावल्या, हात जोडले. बा देवा महाराजा, ही आईवेगळी पोर ह्या तुझ्या लेकरानं घरात घ्यावी की न घ्यावी, काय तो न्याय दे रे महाराजा!

म्हणा मंडळी, होय महाराजा! अहो जोरात, देव लांब आहे!

पाकळी हलेना. उजवी नाही, डावी नाही. गुणाजी बघतोय, भगो बघतोय. आणि मग पडली.

डावी.

नाही! देवानं सरळ नाही सांगितलं. झालं की! आता गुणाजीनं नमस्कार करायचा, घरी जायचं, “देवान सांगल्यान” म्हणायचं आणि दुपारी जेवून पडायचं. आयुष्यभर हेच केलं. पण आज पाय निघेनात. म्हणाला, भगो, परत लाव. पाकळी जास्त भिजली असेल.

भगो चाटच पडला. विहिरीला त्याच पाण्यात भिजवली, गाईला त्याच, दाढेला त्याच, तेव्हा नाही ती जास्त भिजली? “एकदा इचारला काय परत इचारूचा नसता,” म्हणाला आणि तबक उचललं. गुणाजी पायरीवर बसला. बसला तो बसलाच. मग काकुळतीनं म्हणाला, तूच सांग रे बाबा, काय करू? भगो वैतागला. “माका कित्याक इचारतस? ता काय माझ्या घरात रवाचा नाय!” मला का विचारतोस, ती काय माझ्या घरात राहणार नाही!

आता बघा या माणसाची अवस्था. देव हो म्हणाला असता, तर सोपं. देव नाही म्हणाला आणि याला बरं वाटलं असतं, तरीही सोपं. पण देव नाही म्हणाला आणि ह्याच्या पोटात तुटलं! का तुटलं? म्हणजे मला ती हवी होती? मग मी विचारायला का आलो? कठडा कोणासाठी बांधत होतो मी? आयुष्यात पहिल्यांदा गुणाजीला गुणाजी भेटला, आणि ओळखच पटेना!

उठला. वाटेत एक नामी युक्ती सुचली. घरी जाऊन सांगायचं, उजवा पडला! कोण विचारणार? भगो बोलणार नाही. पोर राहील, भामा खूश, देवाचं नाव, गावाचं तोंड बंद. तुम्ही काय केलं असतंत? खरं सांगा. मी तर हेच केलं असतं, आणि वर पुण्य केलं म्हणून पेढे वाटले असते.

अंगणात पोचला. दशरथानं विचारलं, काय झालं? गुणाजीनं कुंदाकडे बघितलं. उजवा म्हणायला तोंड उघडलं. आणि बाहेर आलं, “डावो.”

का? विचारू नका मला! भगोलाही ठाऊक नाही, गुणाजीलाही नव्हतं. खोटं बोलायची सवय नव्हती म्हणा, भीती म्हणा. दशरथ उठला. भामानं पोरीच्या पिशवीत चार केळी घातली, केस सारखे केले आणि आत निघून गेली. पोर मामाचं बोट धरून निघाली. मागे वळून पाहिलं नाही. कशाला पाहील? सवय होती तिला.

दोघं पाणंदीच्या वळणापर्यंत गेली. एसटीचा आवाज यायला लागला. आणि गुणाजी धावला, मंडळी! पंचावन्न-साठीचा माणूस, पंचा कुठे पडला शुद्ध नाही, धापा टाकत पुढे जाऊन वाटेत उभा राहिला. दशरथ म्हणाला, आता काय? देव तर नाही म्हणाला ना?

गुणाजीनं पोरीची पिशवी धरली. म्हणाला, “देवाचा माका म्हायत नाय. मी माझा सांगतंय. चेडू माका होया.”

देवाचं मला ठाऊक नाही. मी माझं सांगतो. मुलगी मला हवी आहे.

भामा मागून आली होती. ती तिथेच उभी राहिली. हवी आहे, हा शब्द ह्या माणसाच्या तोंडून तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. तिच्यासाठी नसेना का, पण ऐकला. डोळ्यांना पदर लावला तिनं.

बोला, संपली कथा? छान शेवट झाला? छे हो! इथे तुम्हाला घरी सोडलं असतं तर मीही सुखी, तुम्हीही सुखी. पण पुढे काय झालं ते भगोनं सांगितलं आणि मी अडकलो.

त्याच वर्षी पोफळीवर रोग आला, बाग अर्धी गळली. पोरीला टायफॉइड झाला, सावंतवाडीला दवाखान्यात ठेवली, आज जाते की उद्या असं झालं. गाव बोलायला लागला, डाव्या कौलाची पोर! गुणाजी देवळात जाऊन उभा राहिला. भगोनं विचारलं, लावू का? गुणाजीनं तबकाकडे बघितलं. मग म्हणाला, काय विचारू? परत पाठवू का, हे? आणि न विचारता दवाखान्यात निघून गेला. पण तो निर्धारानं गेला, छाती काढून गेला, असं समजू नका. वाटभर रडत गेला. चुकलं का माझं, चुकलं का, असं बडबडत गेला. आपण ठरवलेल्या गोष्टीला हे असं असतं, मंडळी. रडायला देवाचा खांदा मिळतो, पण दोष टाकायला मिळत नाही.

पोर वाचली. बागेचं मात्र पुष्कळ गेलं.

मग गावची जत्रा आली. सगळा गाव देवळात. एका म्हाताऱ्या मानकऱ्यानं गुणाजीला भर सभेत अडवलं. कुंदा शेजारीच उभी. तो म्हणाला, गुणाजी, देवाचा कौल डावा होता. मग ही पोर कोणाच्या सांगण्यावरून घरात आणलीस?

सगळे बघतायत. पोरही बघतेय. तिला आतापर्यंत कोणी ना कोणी धाडलेलं होतं. बापानं धाडलं नव्या बायकोच्या सांगण्यावरून, मामानं धाडलं मामीच्या. तिच्या बाबतीत जे झालं ते नेहमी दुसऱ्या कोणीतरी सांगितलं म्हणून झालं.

गुणाजी घाबरला होता. भगो म्हणतो, आवाज फुटत नव्हता त्याचा. पण बोलला. “कोणाच्या नाय. मी हाडलंय.”

कोणाच्याही नाही. मी आणली.

आणि कुंदानं, भर जत्रेत, त्याचा हात धरला. तोवर ती त्याला हाकच मारत नव्हती. त्या दिवशी तिनं त्याला आबा म्हटलं.

आता तुम्ही विचाराल, बुवा, मग कौल खोटा? मला नाही सांगता येत! देवानं डावा का दिला? कधी वाटतं, उजवा दिला असता तर ती पोर देवानं आणली असती आणि पोरीला आबा मिळाला नसता, म्हणून दिला असेल. अशी मी मनाची समजूत घालतो. पण बाग गेली, पोर मरता मरता वाचली, त्याचं काय? तेव्हा समजूतही पुरती पटत नाही. देवासमोर उभा राहून सांगतो, मी गोंधळलेलाच आहे.

एवढं मात्र दिसतं. आपण लोकांच्या सांगण्यावरून संसार करतो, नोकरी करतो, आईबापांना सांभाळतो, पोरांना वाढवतो. वाटतं, केलं ना, मग झालं. पण ज्याच्यासाठी करतो ते माणूस शेजारी उभं राहून ऐकत असतं हो, की हा कोणाचं नाव घेतो. घरी जा आणि त्याच्यासमोर एकदा तरी ‘मी’ म्हणा. आवाज कापला तर कापू दे.

बरं, आता गजर. पण आज जरा वेगळं. पेटीवाले, सूर देऊ नका. पखवाजही नको. शेजारी म्हणतोय म्हणून कोणी म्हणायचं नाही, बुवांनी सांगितलं म्हणून तर मुळीच नाही. तुम्हाला हवं असेल तर देवाचं नाव घ्या, नको असेल तर गप्प बसा, मला राग नाही.

इकडेतिकडे काय बघताय? मी थांबलोय.