बक्षिसात बाबा

आई : अहो, किती वेळ? कपडे बदलायला गेलात की झोपायला?

बाबा : आलो गं. चड्डीची नाडी नीट बसत नाहीये.

लेक : बाबा, आम्ही दारातच उभ्या आहोत. ये ना बाहेर.

बाबा : तू हो पुढे, उतर पाण्यात. मी शर्ट घालून बाकावर बसतो, नेहमीसारखा.

लेक : नेहमीसारखं नाही! आज तू माझ्याबरोबर पोहायचंस. हे माझं बक्षीस आहे.

बाबा : अगं, मला काय ठाऊक तू हे मागशील! वजनाच्या दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, बक्षीस लेकीलाच निवडू द्या. मी आपला बेधडक हो म्हणून बसलो. वाटलं, सायकल मागेल. फार तर कुत्रा.

आई : कुत्र्याला मी नाही म्हटलं असतं.

बाबा : आणि याला मात्र लगेच मान डोलावलीस!

आई : तुम्ही निवडलेलं बक्षीस पाहिलंय ना आम्ही. पोरीनं आठवडाभर गोडाला हात लावला नाही, तर आपल्या बेकरीतला सगळ्यात मोठा क्रीम रोल घेऊन दवाखान्यात हजर! तेही मॅडमसमोर!

बाबा : शाबासकी द्या म्हणाल्या होत्या. बेकरीवाला दुसरी कसली शाबासकी देणार?

लेक : मॅडम हसून हसून खुर्चीतून पडायच्या बाकी होत्या.

आई : आणि मग काय म्हणाल्या? बक्षीस खाण्याचं नको. आणि बदलायचं ते सगळ्या घरानं, एकट्या पोरीनं नाही.

बाबा : बदललो की! टीव्हीपुढे जेवत नाही. बिस्किटांचा डबा माळ्यावर गेला. लिफ्टचं तोंड बघत नाही. अजून काय करू?

लेक : एवढंच.

बाबा : बाहेर केवढी माणसं आहेत गं.

लेक : रोजच असतात.

बाबा : चारचौघांत मी कधी शर्ट काढत नाही. भट्टीपुढे घामानं निथळतो, तरी नाही.

आई : खरंय ते. मीच किती वेळा सांगून थकले.

बाबा : लाज वाटते, पोरी. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तुझ्याएवढा होतो तेव्हापासून वाटते.

लेक : मलाही वाटते.

बाबा : तुला? तू तर धाडकन उडी मारतेस! बघतो की मी बाकावरून.

लेक : तू मोबाइल बघतोस. पाण्यात गेल्यावर काही वाटत नाही. पण इथून काठापर्यंत चालताना वाटते. ती निळ्या टोपीवाली मुलगी मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगते, मग दोघी हसतात.

बाबा : कोण ती? दाखव मला!

आई : आधी बाहेर तर या, मग भांडा.

लेक : भांडायचं नाहीये. तू फक्त माझ्याबरोबर चाल. मी एकटी असले की म्हणतात, ती बघा जाडी. तू असलास की म्हणतील, बापलेक चाललेत.

(आतून कडी निघते.)

आई : अगंबाई! आलात?

बाबा : हा टॉवेल धर. नाही, थांब जरा. बरं, धर.

आई : छान दिसताय.

बाबा : थट्टा पुरे.

आई : थट्टा नाही करत. जा आता, पोर केव्हाची ताटकळलीये.

लेक : हात दे. आणि पळायचं नाही हं, सर ओरडतात.

बाबा : पळतंय कोण? ती निळी टोपी कुठंय?

लेक : ती काय, शिडीजवळ. बघतेय आपल्याकडे.

बाबा : मग?

लेक : बघू दे.

बाबा : पाणी फार गार असतं का गं?

लेक : उतरताना वाटतं, मग नाही. बाबा...

बाबा : आता काय?

लेक : पोट आत ओढू नकोस. पोहताना श्वास मोकळा घ्यायचा असतो.